अर्धी टाकी

आमच्याकडे ट्रक आधी लहान व्हायचा आणि मग मोठा. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, लातुरात नांदेड रस्त्याच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचे. कंपनीकडून नुसता सांगाडा यायचा, इंजिन आणि चार चाकं. त्याच्यावर केबिन, फाळके, ताडपत्रीच्या कमानी, सगळं लाकडाचं आणि पत्र्याचं काम आमच्या गल्लीत व्हायचं. बाकीचे मिस्त्री भिंतीवर खडूने चित्र काढून मालकाला दाखवायचे. आप्पांचा चित्रावर विश्वास नव्हता. फुटाला एक इंच धरून ते अख्खी गाडी आधी लहान बांधायचे आणि मालकाच्या मांडीवर नेऊन ठेवायचे. ती लहान गाडी खेळणं नव्हती. तिचा फाळका उघडायचा, चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे पाटे, दाबले की दबायचे. आप्पा म्हणायचे, लहान गाडीत खोटं केलं की मोठ्या गाडीत माणूस मरतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे मला त्याचा रागच यायचा.

मी चौथी पास. त्यापुढे शाळा लांब होती आणि घरात काम जवळ होतं, म्हणून शाळा सुटली. रडले वगैरे नाही. अकराव्या वर्षी मी पहिली गाडी केली आणि सतराव्या वर्षापर्यंत आमच्या दुकानातल्या सगळ्या लहान गाड्या मीच करत होते. लोखंड कापायच्या करवतीची तुटलेली पाती एकावर एक ठेवून तारेनं बांधली की पाटे होतात. छत्रीची दांडी म्हणजे आस. जुन्या टायरचं रबर गोल तासून चाकं. सायकलचे छर्रे घातले की चाक असं फिरतं की हात लावावा लागत नाही. परवा नातीनं बाजारातून बॅटरीवर चालणारी गाडी आणली. मी ती खोलून बघितली. आत आमच्यासारखंच सगळं आहे, फक्त पाट्याच्या जागी गोल स्प्रिंग आहे. मोठ्या दगडावरून ती उलटते. मी नातीला सांगितलं, हिचं पोट वर आहे, खाली घे. तिनं घेतलं, आता उलटत नाही.

गल्लीत दसऱ्याची एक रीत होती. प्रत्येक दुकानानं आपली एक लहान गाडी आणायची आणि उतारावरून सोडायची. हात लावायचा नाही, दोरी बांधायची नाही. ज्याची गाडी न उलटता सगळ्यात लांब जाईल त्याला नारळ. उतार साधा नसायचा. दगड, खाचा, बैलगाडीच्या चाकोऱ्या असलेलाच शोधायचे. बायका हसायच्या, मिस्त्री लोक मात्र आदल्या महिनाभर तोंड बंद ठेवून आपापल्या गाड्या करायचे. दोन वर्षं नारळ आमचा होता, त्याआधी गुंडाप्पा मिस्त्रीचा. गुंडाप्पा आमच्या समोरचे, निलंग्याकडचे, कपाळाला विभूती, आणि चिडले की कानडीत बोलायचे. कामाला पक्के. आप्पांचं आणि त्यांचं रोज भांडण व्हायचं आणि चहा मात्र एकाच किटलीतला असायचा.

मी सतरा वर्षांची झाले त्या साली पाऊस झालाच नाही. झाला तो धूळ बसण्यापुरता. आणि त्याच साली आमचा जिल्हा नवा झाला. आधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्याचे होतो, मग लातूरचे झालो. राहत होतो तिथेच होतो. गुलाल उधळला, बँड वाजला, कचेऱ्या येणार, साहेब येणार, म्हणून लोकांनी भिंतींना चुना लावला. चुन्यात घालायला पाणी नव्हतं म्हणून तो पोपडे धरून पडला. आमच्या गल्लीला मात्र जिल्ह्याचा आवाज ऐकू आला नाही. ऐकू आली ती शांतता. एरवी पहाटेपासून पत्र्यावर हातोडा पडायचा, करवत चालायची, रंधा ओरडायचा. माल नाही तर ट्रक नाहीत, ट्रक नाहीत तर बॉड्या नाहीत. हातोडे बंद झाले. माय सकाळी हुलग्याचं माडगं करायची, तेच दुपारी पातळ करून मिळायचं. मग ती डोक्यावर टोपली घेऊन गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर जायची, माती वाहायला. संध्याकाळी आली की तिच्या पापण्यांवरसुद्धा मुरूम असायचा.

आप्पा जात नसत. लोक म्हणायचे, मिस्त्रीला माज आहे. माज नव्हता. आप्पांना दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, येत होता, त्या साली तर माणूस त्यांना आकारानं कळायचा. हे तिघांनाच ठाऊक होतं: मला, मायला, आणि रशीदचाचांना. रशीदचाचा आमच्याकडे रंगकाम करायचे, ट्रकच्या पाठीवर मोर आणि गुलाब काढायचे. बाहेर जाताना ते गप्पा मारत आप्पांच्या खांद्यावर हात टाकायचे, लोकांना वाटायचं केवढी दोस्ती. दोस्ती होतीच, पण हात रस्ता दाखवायला असायचा. दुकानात लाकडावर रेघ मी मारायची, करवत आप्पा चालवायचे, बोटानं रेघेची खाच चाचपत. म्हणून मी रेघ खिळ्यानं खोल ओढायची. आंधळ्या मिस्त्रीला कोण गाडी देणार? आणि दुकान बंद झालं तर त्यांना खडी फोडायला बसावं लागलं असतं. खडी फोडताना डोळस माणसाच्या डोळ्यात चिपा जातात, पोटाला नाहीतर बोटाला लागतं. माझ्या छातीत त्या दिवसांत एक खिळा बसल्यासारखा होता. जेवताना असायचा, झोपताना असायचा.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी भोकरकडचा एक ठेकेदार गल्लीत आला. माधवशेठ म्हणायचे त्याला. पूर्वी स्वतः ड्रायव्हर होता, हाताच्या मागे इंजिनाच्या तेलाचे डाग कातडीतच मुरलेले. नव्या जिल्ह्यात गावोगाव पाणी पोचवायचं काम त्यानं घेतलं होतं. चार चेसिस त्याच्याकडे उभ्या होत्या, त्यांच्यावर टाक्या बसवून हव्या होत्या, दिवाळीच्या आत. त्याआधी दुसऱ्या गावात बांधून घेतलेला एक टँकर काळ्या रानातल्या चाकोरीत उलटला होता आणि ड्रायव्हरचे दोन्ही पाय गेले होते. हे तो सगळ्यांना सांगायचा, सांगताना खाली बघायचा.

“तुमची ती दसऱ्याची शर्यत ऐकून हाय मी,” तो आप्पांना आणि गुंडाप्पांना म्हणाला. “अवंदा टँकर सोडा. पाण्यासकट. पाझर तलावाच्या बांधावरून. ज्याची गाडी खाली उभी राहील त्याला चारी टँकर.”

“चारी?” गुंडाप्पा म्हणाले.

“चारी. मला बोलणारा मिस्त्री नको, उभी राहणारी गाडी पाहिजे.”

मी ती गाडी बारा दिवसांत केली. चहाचे तीन गोल डबे घेतले, तळ कापून काढले, कथलानं एकाला एक झाळून लांब टाकी केली, दोन्ही तोंडांना पत्रा लावला. वरती पाणी घालायला झाकण, मागे सायकलच्या ट्यूबच्या नळीचा कॉक. टाकी जितकी खाली बसवता येईल तितकी बसवली. चाकं एक बोट रुंद केली. आप्पा रोज संध्याकाळी गाडी मांडीवर घेऊन बोटं फिरवायचे. झाळलेल्या जोडावरून त्यांचं बोट सावकाश जायचं, आणि एखाद्या ठिकाणी थांबायचं. “हितं फुगलंय,” म्हणायचे. मी तो जोड परत करायची. रशीदचाचांनी केबिनवर वाटाण्याएवढा मोर काढला. दुकानात फळी लावून, खाली विटांचे तुकडे टाकून मी गाडी वीस वेळा सोडली. टाकी गच्च भरलेली. पाणी तेच तेच, खाली परात धरून. एकदाही उलटली नाही. मी निर्धास्त झाले. ते माझं चुकलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं देवात बसतात. सकाळी सगळी घासूनपुसून, पाटावर नवं कापड अंथरून ओळीनं मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. करवत, रंधा, पटाशी, हातोडे, पत्र्याची कातर, झाळायची तांब्याच्या तोंडाची सळई. मायची विळीसुद्धा. त्यानंतर दसऱ्याच्या संध्याकाळी सीमोल्लंघन करून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. अख्ख्या गल्लीत त्या दिवशी भाजीपण चिरत नसत. आप्पांच्या थोरल्या भावानं एका नवमीला एकच फळी म्हणून करवत उचलली होती आणि दोन बोटं घालवली होती. ती बोटं नसलेला हात मी लहानपणी बघितलेला. आप्पांचं म्हणणं असं होतं की हत्यार उचलतो कुणीही, पण ते फेडतो हत्याराचा मालक. त्यांचा भाऊ गेला तेव्हा ते ढसाढसा रडले होते आणि मग म्हणाले होते, करवत माझी होती, म्हणून माझाच भाऊ गेला.

पूजा झाली, आणि दुपारी माधवशेठ आला. प्रसाद घेतला, गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, “एक सांगायचं राहिलं मिस्त्री. टाक्या अर्ध्याच भरायच्या.”

“अर्ध्या कशापायी?” आप्पा म्हणाले.

“भरलेला टँकर पडत न्हाई, आप्पा. एका वाडीवर अर्धं पाणी सोडून पुढच्या वाडीला निघाला की मग पडतोय. माझा तसाच पडला.”

मी आत गेले. टाकीतलं अर्धं पाणी घागरीत ओतलं आणि गाडी फळीवरून सोडली. पहिल्याच विटेला ती कलली, आतलं पाणी एका अंगाला धावलं आणि गाडी कुशीवर. परत सोडली, परत कुशीवर. सात वेळा सोडली. पाणी पुढे गेलं की नाक खाली, बाजूला गेलं की आडवी. आप्पा दारात उभे होते. त्यांना दिसलं नाही पण ऐकू आलं. सातव्यांदा पत्र्याचा आवाज झाल्यावर ते म्हणाले, “राहू दे चंद्रे. उद्या बघू,” आणि रशीदचाचांबरोबर देवीला निघून गेले. उद्या काय बघणार होते? त्यांचा आवाज असा होता की खडीच्या ढिगाऱ्यावर आत्ताच बसलेत.

तेवढ्यात माय टँकरच्या रांगेतून पाणी घेऊन आली. घागर अर्धीच मिळाली होती. तिनं ती उतरवली आणि आतली कडुलिंबाची डहाळी काढून कोपऱ्यात फेकली. आमच्याकडच्या बाया पाण्यात डहाळी टाकतात, मग पाणी हिंदकळत नाही. मी जन्मभर बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“टाक की तुझ्या टाकीत बी डहाळी,” माय म्हणाली.

टाकून बघितली. उतारावर सगळी पानं एका टोकाला गोळा झाली आणि गाडी परत पडली. आणि टाकून जमली असती तरी काय? मोठ्या टँकरमध्ये काय लिंबाचं झाड घालणार? लहान गाडीत खोटं केलं की. तेच वाक्य. मला हवं होतं ते आत कायमचं अडवणारं काहीतरी, पाणी जाऊ देईल पण धावू देणार नाही. डब्यांचे कापलेले तळ भंगारात पडले होते. त्यांना भोकं पाडून टाकीत आडवे बसवले तर पाण्याला तीन खोल्या होतील. माप तर बरोबर डब्याचंच होतं. भोकं मी खिळ्यानं आणि वरवंट्यानं पाडली. खिळा हत्यार नाही, वरवंटाही हत्यार नाही, असं मनात म्हणत. पण टाकीचं तोंड उघडायला आणि तळ आत झाळायला सळई लागणार होती. आणि सळई पाटावर होती, हळदकुंकू लावून, करवतीच्या शेजारी.

मी किती वेळ उभी होते ते सांगता येत नाही. देवाची भीती मला तेव्हाही फार नव्हती. मला आप्पांच्या हातांची भीती होती. डोळे गेलेच होते, हात गेले तर काय उरलं? गल्लीत तेव्हा सगळ्याच दुकानांत हेच चाललं असणार, सगळ्यांच्याच गाड्या अर्ध्या पाण्यानं पडत असणार, आणि सगळ्यांची हत्यारं देवात. म्हणजे सगळे सारखेच अडकले होते. मी सळई उचलली म्हणजे मी एकटी सुटणार. हेही मला कळत होतं. कळूनही उचलली.

मायनं बघितलं. ओरडली नाही. “दार लाव,” म्हणाली.

शेगडी पेटवली. सळईचं तोंड लाल केलं, नवसागरावर घासलं. ज्यांनी कधी झाळकाम केलं नाही त्यांना सांगते, नवसागराचा धूर लपत नाही. नाकात शिरतो, घशात बसतो, आणि चार घरं ओलांडून जातो. पहिलाच धूर उठला तशी मी दाराकडे बघितलं. मायनं एकदा माझ्याकडे बघितलं, फळीवरून मूठभर सुक्या मिरच्या आणि मीठ घेतलं आणि दारापाशी तवा ठेवून त्यात टाकलं. ठसका असा उठला की आमचेच डोळे चुरचुरले.

“हे काय करतीस?”

“तुझी दृष्ट काढतेय. गप काम कर.”

टाकीचं एक तोंड सुटलं. पहिला तळ आत सरकवला, कडेनं कथील ओघळलं, धरलं. दुसरा सरकवत होते तेव्हा बाहेरून खोकला आला.

“वहिनी, काय जाळताय हो?” गुंडाप्पा मिस्त्री होते.

“मिरच्या,” माय दाराच्या फटीतून म्हणाली. “पोरीची दृष्ट काढते. दोन वर्षं नारळ घेतीय, कुणाची तरी लागली असंल.”

“माझी न्हाई लागली.”

“मी कुठं तुमचं नाव घेतलं?”

मी सळई हवेत धरून बसले होते, तोंड गार होत होतं. “मिरच्यांना नवसागराचा वास येतोय जणू,” ते म्हणाले.

“बाजारातल्या हायत मिरच्या. काय काय मिसळत्यात आजकाल, कुणाला ठावं.”

त्यांच्या चपला गेल्याचा आवाज आला. मी सळई परत तापवली. शेवटचा जोड झाला तेव्हा माझा परकर घामानं भिजला होता. अर्धी टाकी भरून फळीवरून सोडली. वीट आली, गाडी कलली, आत पाणी डुबुक डुबुक केलं आणि गाडी सावरली. परत सोडली, परत सावरली. आनंद झाला असं लिहायला हवं, पण झाला नाही. सळईचं तोंड मी राखेनं घासलं, हळदकुंकू परत लावलं, झेंडू होता तसा ठेवला, आणि आप्पा यायच्या आत तोंड धुवायचं तेवढं पाणी मायनं मला काढून दिलं. तेवढं पाणी तोंडाला वापरणं म्हणजे तेव्हा मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी झाली, प्रत्येकी एक, पुरण कमी आणि पोळी जाड. दुपारी सगळी गल्ली पाझर तलावाच्या बांधावर. तलाव म्हणजे नुसता खड्डा, पाणी कुठलं. बांध मुरमाचा, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या, मधून मधून डोक्याएवढे दगड. ज्या बांधाची माती मायनं वाहिली होती त्याच्यावरून माझी गाडी उतरणार होती. माधवशेठनं आपल्या टँकरमधून पाणी आणलं होतं आणि स्वतः तांब्यानं मोजून प्रत्येक टाकीत ओतत होता. खाली चार-पाच बाया तपेल्या घेऊन बसल्या होत्या. गाड्या उलटणार, पाणी सांडणार, तेवढंच मिळालं तर मिळालं. त्यांना कुणी हसलं नाही.

रीत अशी की गाडी सोडायच्या आधी दुकानाच्या मालकानं तिला हात लावून नमस्कार करायचा. रशीदचाचांच्या खांद्याला धरून आप्पा आले, खाली बसले. हात टाकीवर ठेवला. बोटं सवयीनं जोडावर गेली, आणि टोकाच्या पत्र्यापाशी थांबली. तिथला जोड नवा होता. पहिला मी बारीक केला होता, हा घाईत जाड झाला होता. आप्पांना काय लागलं, फुगवटा लागला की कथलाचा नवेपणा लागला, मला माहीत नाही. पण थांबली. त्यांनी टाकी हळूच हलवली आणि कान जवळ नेला. आत पाणी धावलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते कुठेच बघत नव्हते.

“आप्पा, सोडायची का?” माधवशेठ शेजारून म्हणाला.

त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की नवमीला हत्यार उचललं गेलंय, आमची गाडी बाद. ते म्हणाले असते. असं माणूस होतं ते.

“सोड,” आप्पा म्हणाले.

आमचा नंबर शेवटचा होता. तीन गाड्या आधी गेल्या, तिन्ही उलटल्या, बायांनी पाणी धरलं. मग गुंडाप्पांची गेली. सुंदर गाडी होती, खोटं कशाला बोलू. माझ्यापेक्षा चाकं चांगली, पाटे चांगले. अर्ध्या उतारापर्यंत सरळ आली. एका चाकोरीत शिरली, बाहेर निघताना आतलं पाणी धावलं आणि ती सावकाश, जणू झोपायलाच, आडवी झाली. मग माझी. त्याच चाकोरीत शिरली, कलली, एक चाक उचललं गेलं. डुबुक आवाज मला वरपर्यंत आला असं वाटतं, आला नसेल. चाक खाली टेकलं. गाडी तलावाच्या तळाशी जाऊन उभी राहिली.

लोक ओरडले. मी खाली धावले, गाडी उचलली, आणि वळले तर गुंडाप्पा आपली गाडी उचलत होते. ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही.

“आत पत्रे घातलेस न्हाई का, भोकाचे?”

मी मान हलवली.

“मलाबी काल दुपारीच सुचलं होतं,” ते म्हणाले. “पण हत्यारं देवात होती.”

एवढ्या वर्षांत मी त्यांना द्यायची उत्तरं पुष्कळ तयार केली. आमच्या घरात आंधळा होता, तुमच्या घरात नव्हता, असं. पण ते त्यांना कुठे माहीत होतं.

वर माधवशेठ आप्पांचा हात हातात घेऊन बोलत होता. टाकीचं झाकण उघडून त्यानं आत बोट घातलं, पत्रे चाचपले आणि कितीतरी वेळ बोट तसंच ठेवलं. “हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“माझ्या,” आप्पा म्हणाले.

मला राग आला. थोडासा अजून आहे. मग ते म्हणाले, “शेठ, चार टँकर दिवाळीपर्यंत माझ्या एकट्यानं व्हायचे न्हाईत. दोन मी करतो. दोन गुंडाप्पाला द्या. पत्रे कसे बसवायचे ते मी त्याला दाखवीन.”

“मी चारी म्हणलो होतो.”

“मी दोनच घेतो.”

माधवशेठनं हे मोठेपण समजून आप्पांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. गुंडाप्पांनी आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कानडीत काहीतरी म्हणाले. मी त्याचा अर्थ कधी विचारला नाही.

घरी येऊन आप्पा पाटापाशी बसले. हत्यारं एकेक करून चाचपली. सळईवर हात थांबला. तिच्या तोंडावरचं कुंकू बोटानं पुसून त्यांनी नाकाशी नेलं. “उचललंस तू,” म्हणाले, “पण हत्यार माझं हाय. जे व्हायचं ते मला होऊ दे. तू त्याची काळजी करू नकोस.” एखाद्याला काळजी करू नको म्हणून सांगणं सोपं असतं. त्या दिवसापासून ते करवत चालवायला बसले की मी समोर उभी राहायची. टँकर बांधले, दोन्ही, आत भोकाचे पत्रे घालून. झाळकाम सगळं मी केलं. प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आता लागलं. लागलं नाही. बोटं दहाच्या दहा राहिली. उन्हाळ्यात डोळे मात्र पुरते गेले. नांदेडच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला, एकाचं ऑपरेशन केलं, थोडं दिसायला लागलं. मोतीबिंदूला खंडेनवमी कळत नाही, हे मला पटतं. दिवसा पटतं.

पुढच्या नवमीला आप्पांनी हत्यारं मांडायला घेतली. मी घासून देत होते, ते ओळीनं ठेवत होते. सळई हातात आली तशी त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

“ही आता तुझी. मांडायची का न्हाई ते तू बघ.”

म्हणजे फेडायचं तेही आता माझ्याकडे, हे दोघांनाही कळलं. माय चुलीपाशी होती, तिनं वळून बघितलं. समोरच्या दुकानात गुंडाप्पा आपली करवत पुसत होते. मी सळई पाटावर ठेवली, कुंकू लावलं.

पुढे चाळीस वर्षं मी पत्र्याच्या टाक्या केल्या, लहान केल्या, मोठ्या केल्या. हत्यारं दर नवमीला देवात बसवते. पण त्याच्या आदल्या दिवशी, दुकानात असेल नसेल ती प्रत्येक टाकी, मी अर्धी भरून बघते.